झोपेची गोळी एका रात्रीत टाकू नका

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतल्या ज्या घरांत रात्रीच्या जेवणानंतर झोपेची गोळी रोजची झाली आहे, त्या घरांसाठी हे लिहितो आहे. सगळ्यात महत्त्वाची विनंती आधी करतो. हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. आणि शेजारणीला ‘डिप्रेशनच्या गोळी’ने चांगली झोप लागायला लागली म्हणून तिच्याकडून ती मागून आणून खाऊ नका. वर्षानुवर्षांची झोपेची गोळी सुटते, सत्तरी ओलांडलेल्या माणसांचीसुद्धा सुटते. पण ती सुटते हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि झोप मुळात का उडाली याचा शोध घेतल्यावर. त्या कामी नैराश्यावरचं औषध काहींना फार उपयोगी पडतं, काहींना त्याची गरजच नसते.

माझं आयुष्य औषधाच्या दुकानात गेलं आहे, म्हणून जे रोज पाहतो त्यापासून सुरुवात करतो. एखादी आजी गल्ल्यासमोर येते, पदराची गाठ सोडते आणि आतला चुरगळलेला चंदेरी तुकडा पुढे करते. “हीच दे बाबा, बारकी.” त्या तुकड्यावर नाव नसतं. दहा गोळ्यांच्या पाकिटातून चार-पाच कात्रीने कापून दिल्या की औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, मुदत कधी संपते आणि इशाऱ्याची लाल चौकट, हे सगळं बहुतेक वेळा दुसऱ्या अर्ध्यावर राहतं. आजीला विचारलं, कसली गोळी आहे, तर उत्तरं ठरलेली: “डोकं शांत करायची”, “टेन्शनची”, “नसांची”. झोपेची गोळी असं क्वचितच कुणी म्हणतं. आपण काय खातो आहोत हे ठाऊक नसताना ती सोडायची कशी हे ठरवता येत नाही. म्हणून पहिलं काम सोपं आहे, पुढच्या वेळी नाव असलेला तुकडा मागून घ्या, किंवा दुकानदाराकडून नाव आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

नावं ओळखायची एक खूण सांगतो. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी एकाच घराण्यातली. शेवटी ‘लम’ किंवा ‘पाम’ दिसलं की थांबून विचारावं. जुन्या माणसांना ‘काम्पोज’ आठवेल, ती डायझेपामच. झोल्पिडेम ही थोड्या वेगळ्या जातीची, पण मेंदूत काम त्याच जागी करते. आता खरी मेख इथे आहे. आपल्याकडे जोडगोळ्या भरपूर विकल्या जातात. एकाच गोळीत एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम, किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड, किंवा छातीची धडधड कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलबरोबर अल्प्राझोलम. यातलं एस्सिटॅलोप्राम आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची औषधं आहेत, आणि जोडीला बसलेली आहे सवय लावणारी गोळी. माणूस म्हणतो, मी झोपेची गोळी घेत नाही, माझी डिप्रेशनची चालू आहे. आणि मग बरं वाटलं म्हणून एक दिवस ती बंद करतो. तिसऱ्या रात्री हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, डोळ्याला डोळा लागत नाही, आणि घरचे म्हणतात, आजार उलटला. आजार उलटलेला नसतो. जोडीतली दुसरी गोळी एकदम तुटलेली असते.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो. मेंदूला शांत ठेवणारं गाबा नावाचं एक रसायन शरीर स्वतःच तयार करतं. या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. काही आठवडे रोज घेतल्या की मेंदू त्या जास्तीच्या जोराला सरावतो आणि स्वतःची संवेदनशीलता कमी करून घेतो. मग दोन गोष्टी होतात. त्याच गोळीने पूर्वीइतकी झोप लागत नाही, आणि गोळी चुकली तर पूर्वीपेक्षा वाईट रात्र जाते. त्या वाईट रात्रीला माणूस पुरावा समजतो: बघा, गोळीशिवाय मला झोप येतच नाही. ती एक रात्र एवढंच सांगते की मेंदूला गोळीची सवय झाली आहे. तुमची स्वतःची झोप मेली आहे असं ती सांगत नाही.

ही सवय लागायला माणूस वाईट असावा लागत नाही. घरधनी गेला, ऑपरेशन झालं, जमिनीचा दावा लागला, मुलाची नोकरी सुटली. डॉक्टरांनी आठ-दहा दिवसांसाठी गोळी लिहून दिली, पहिल्याच रात्री गुण आला. मग तो कागद जपून ठेवला गेला, पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या पाकिटात गेला, आणि शनिवारी गावी येताना तो दूध-भाजीबरोबर गोळ्याही आणू लागला. आठ दिवसांची आठ वर्षं अशी होतात. शिरवळच्या आणि खेड शिवापूरच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारी तरुण मुलंही यात येतात, कारण दिवसा पत्र्याखाली उन्हात झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी यंत्रासमोर उभं राहायचं असतं.

या घराण्यातली पहिली गोळी 1960 साली बाजारात आली, डायझेपाम 1963 साली. सुरुवातीला जगभरच्या डॉक्टरांना त्या निर्धोक वाटल्या. 1988 साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने सांगितलं की दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त या देऊ नयेत. 2020 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सगळ्या गोळ्यांवर सवय लागण्याचा आणि अचानक बंद केल्यास जिवाला धोका असल्याचा ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं 1 मार्च 2014 पासून ‘शेड्यूल एच-1’मध्ये आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, आणि विकली की रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची. माझ्या व्यवसायातल्या भावांना मी हात जोडून सांगतो, ही वही आपल्या त्रासासाठी नाही. ओळखीचं गिऱ्हाईक आहे, लांबून पायी आलं आहे, हे सगळं खरं. पण जुन्या मळकट कागदावर महिन्यामागून महिना गोळी देत राहणं हे त्या माणसावर उपकार नव्हेत.

अचानक तोडल्यावर काय होतं हे शेजारच्या तेलंगणाने 2015 साली पाहिलं. तिथे ताडीत अल्प्राझोलम आणि डायझेपाम मिसळत. सरकारने भेसळीच्या ताडीवर कडक कारवाई केली, पुरवठा एकदम तुटला, आणि निजामाबाद भागात माणसं भास होत, बडबडत, झटके येत रुग्णालयात दाखल झाली. त्यांतल्या पुष्कळांना आपण गोळी खातो आहोत हेच माहीत नव्हतं. आपल्या राज्यात मालेगावात हीच अल्प्राझोलम ‘कुत्ता गोळी’ या नावाने नशेसाठी विकली जाते आणि तिच्यावर धाडी पडतात. वेल्ह्याच्या आजीच्या पदरात असलेलं औषध आणि मालेगावात पकडलेलं औषध एकच आहे.

तरी आजी व्यसनी नाही. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण या शब्दाच्या भीतीनेच माणसं डॉक्टरांपासून लपतात. ठरलेली एक गोळी ठरल्या वेळी घेणं आणि ती चुकली की त्रास होणं, हे शरीराचं अवलंबणं झालं. गोळीचा डोस आपणच वाढवत नेणं, तिच्यासाठी खोटं बोलणं, दारूबरोबर घेणं, नशेसाठी शोधत फिरणं, हे व्यसन. पहिल्याला लाज वाटण्यासारखं काही नाही. दुसऱ्यालाही उपचार आहेत. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं, साताऱ्यात परिवर्तन आहे. आपला भाग या दोन शहरांच्या मधोमध, महामार्गाला लागून आहे. दारू आणि झोपेची गोळी एकत्र घेणाऱ्या माणसाने तर एक दिवसही घालवू नये. दोन्ही मिळून झोपेतच श्वास मंदावतो आणि माणूस सकाळी उठत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. झोपेच्या गोळीच्या जागी नैराश्याची गोळी, हा उपचार खरा आहे का?

अर्धा खरा आहे, आणि कोणता अर्धा ते नीट समजून घ्या. झोप उडण्यामागे पुष्कळदा नैराश्य किंवा सततची चिंता असते. पहाटे तीन-चारला जाग येते आणि मग जमिनीचं, मुलीचं, कर्जाचं डोक्यात फिरत राहतं. जेवणावर वासना नसते. सणाला पाहुणे आले तरी उठून बसावंसं वाटत नाही. सकाळी शरीर जड, आणि दिवस जसा चढेल तसं थोडं बरं. छातीत धडधड, पोटात गोळा, तपासण्या सगळ्या नॉर्मल. आपल्याकडे ‘मन खिन्न आहे’ असं कुणी सांगत नाही. अंग दुखतं, डोकं भणभणतं, झोप नाही, असंच सांगतात. अशा माणसाला झोपेची गोळी दिली की रात्र ढकलली जाते आणि खालचं दुखणं तसंच राहतं. त्याला एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, मिर्टाझापिन यांसारखं नैराश्यावरचं औषध नीट दिलं तर मूळ आजार ओसरतो, आणि मग झोपेची गोळी काढणं सोपं जातं.

याला आधार आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल रिकल्स यांनी अशा गोळ्या दीर्घकाळ घेणारे, चिंतेचा आजार असलेले 107 रुग्ण घेतले. काहींना जुन्या गोळीबरोबरच आधी काही आठवडे इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध दिलं, काहींना औषध नसलेली नुसती साखरेची गोळी. मग सगळ्यांची सवयीची गोळी हळूहळू उतरवली. 2000 साली निकाल प्रसिद्ध झाला: इमिप्रामिनवाल्यांपैकी 82 टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांची गोळी सुटली, साखरेच्या गोळीवाल्यांपैकी साडेसदतीस टक्क्यांची. यातला क्रम पाहा. आधी नवं औषध बसवलं, जुनं चालूच ठेवलं, नव्याचा गुण आल्यावरच जुनं उतरवायला घेतलं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सोमवारी नवं औषध मिळतं आणि सोमवारीच रात्री माणूस जुनी गोळी फेकून देतो.

दुसरी बाजूही तितकीच स्वच्छ सांगायला हवी. 2018 साली कोक्रेन या संस्थेने या विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि म्हटलं की चाचण्या लहान आहेत, दर्जा कमी आहे, ठाम शिफारस करता येत नाही. त्याच वर्षी त्यांनी नुसत्या निद्रानाशासाठी दिल्या जाणाऱ्या नैराश्यावरच्या औषधांकडेही पाहिलं. अगदी कमी डोसचं डॉक्सेपिन आणि ट्रॅझोडोन यांनी थोड्या काळासाठी थोडा फायदा दिसला. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, जे आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, त्याच्यासाठी झोपेपुरता चांगला पुरावा मिळाला नाही. म्हणून नैराश्य नाही, चिंतेचा आजार नाही, फक्त सवय लागली आहे, अशा माणसाला ही गोळी लागतेच असं नाही. त्याला हळूहळू कमी करणं आणि झोपेची घडी बसवणं एवढंच पुरू शकतं. कुणाला कोणतं, हे तपासून ठरतं. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा, नैराश्यावरची गोळी ‘लम’-‘पाम’च्या गोळीची जागा भरून काढत नाही. ती चालू आहे म्हणून जुनी एकदम तोडली तरी झटका येऊ शकतो.

हे औषध सुरू होताना काय होईल तेही ऐकून ठेवा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिले काही दिवस मळमळ, अस्वस्थपणा, कधी झोप आणखी पातळ. नेमक्या याच दिवसांत माणसं औषध सोडतात आणि म्हणतात, सोसलं नाही. त्या दिवसांत डॉक्टरांना फोन करा, पण सोडू नका. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर सुरुवातीला घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं. वय झालेल्यांना अ‍ॅमिट्रिप्टिलिनने लघवी अडकू शकते, बद्धकोष्ठ होतो, तोंड कोरडं पडतं, उठताना चक्कर येते. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगायलाच हवं. एस्सिटॅलोप्रामसारख्या औषधांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरून ती गोंधळल्यासारखी वागू शकतात. गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक घेत असाल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर ते या औषधांशी भांडतं. मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढतं, जे हडकलेल्या माणसाला बरंच असतं, मधुमेहवाल्याला नाही. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, न झोपता बडबड करण्याचे, पैसे उधळण्याचे दिवस गेले असतील तर ते लपवू नका. अशा आजारात नुसती नैराश्याची गोळी उलटी पडते. आणि बरं वाटल्यावर हीसुद्धा एकदम बंद करायची नसते. हिची ओढ लागत नाही, पण अचानक तोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड होते.

उतरवण्याचं सांगतो. वरंधा घाट उतरताना कोणताही जाणता चालक गाडी न्यूट्रलवर टाकत नाही, खालच्या गिअरमध्ये वळण वळण घेत उतरतो, तसंच हे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2025 साली एकत्र दिलेला सल्ला असा आहे की दर दोन ते चार आठवड्यांनी डोस पाच ते दहा टक्के कमी करावा, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त तर कधीच नाही. म्हणजे बरीच वर्षं घेतलेल्या गोळीला काही महिने, कधी वर्षही लागतं. अल्प्राझोलम शरीरातून लवकर ओसरते, म्हणून दोन गोळ्यांच्या मधल्या वेळातही त्रास जाणवतो. अशा वेळी काही डॉक्टर आधी सावकाश ओसरणाऱ्या डायझेपामवर आणतात आणि मग तिचा डोस उतरवतात. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी 1982 ते 1994 खास याच कामाचा दवाखाना चालवून ही पद्धत लोकांपर्यंत नेली. पण हा हिशोब घरी करायचा नाही. अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलम म्हणजे साधारण दहा मिलिग्रॅम डायझेपाम. दिसायला अर्धा, पण ताकदीने मोठा, आणि इथे चूक महागात पडते. शेवटचा तुकडा सोडणं सगळ्यात जड जातं. तिथे घाई करू नका, थांबा, पण परत वर चढू नका. ज्यांना फिटचा आजार आहे, जे दारू पितात, ज्या गरोदर आहेत, त्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाव गोळीही कमी करू नये. कमी करताना झटका आला, माणूस भलतंच बोलू लागलं, भास होऊ लागले, तर 108 ला फोन करून सरळ रुग्णालय गाठा.

इतका खटाटोप कशासाठी, असं म्हातारी माणसं विचारतात. आता किती दिवस राहिलेत, खाऊ द्या की गोळी. मी त्यांना रात्रीच्या अंगणाबद्दल सांगतो. वाडीवरच्या घरात संडास बाहेर, पायरी दगडी, पावसात शेवाळलेली. गोळीच्या गुंगीत रात्री दोनला उठलं की तोल जातो, आणि सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतं. झोल्पिडेम घेऊन काही माणसं झोपेतच चालायला लागतात, याचा इशारा 2019 साली अमेरिकेत पाकिटावर छापायला लावला गेला. विहिरीकाठच्या घरात याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. विसरभोळेपणा, दिवसा पेंग, घोरणाऱ्या माणसाचा झोपेत अडकणारा श्वास, हे सगळं या गोळ्यांनी वाढतं. गोळी उतरली की पुष्कळ घरांत असं ऐकू येतं, “आई पुन्हा बोलायला लागली.”

झोपेची घडी बसवणं हे औषधाइतकंच काम आहे. कॅनडात क्वेबेकमध्ये चार्ल्स मोरिन यांनी वयस्क लोकांवर केलेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसती गोळी उतरवून 48 टक्क्यांची सुटली. उतरवण्याबरोबर झोपेचं वर्तनशास्त्रीय शिक्षण दिलं तेव्हा 85 टक्क्यांची. त्या शिक्षणातल्या गोष्टी आपल्याकडे करता येण्याजोग्या आहेत. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ रोज एकच. पेंग आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. वीस मिनिटं झाली आणि झोप नाही, तर उठून ओट्यावर, ओसरीत बसायचं, आणि पेंग आली की परत. अंथरुणावर पडून मोबाइल नाही, हिशोब नाही.

आपल्या भागापुरतं आणखी थोडं. दिवेलागणीला जेवण आणि आठला अंथरूण, मग दोनला जाग आली तर तो आजार नाही. सहा तास झाले, दुपारी तासभर लवंडणं झालेलं असतं, सात तास भरले. अशा माणसाला गोळी नको, दहापर्यंत जागायला सोबत हवी. संध्याकाळचा चहा बंद. झोपण्याआधीची मिश्री बंद, कारण तंबाखूतलं निकोटिन झोप उडवतं; बायका वर्षानुवर्षं ती दातांना लावून पडतात आणि झोप का येत नाही म्हणून गोळी घेतात. रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्याची साखर आणि प्रोस्टेट तपासा, ब्लडप्रेशरची पाणी काढणारी गोळी रात्री घेत असाल तर ती सकाळी घेता येईल का विचारा. पायांत वळवळ होऊन झोप मोडत असेल तर रक्तातलं लोह बघा. नैराश्यावरच्या काही औषधांनी ही वळवळ वाढते, म्हणून ती आधी सांगा. शेतीची वीज रात्रीची असली, भाताची राखण असली, लावणीचे दिवस असले, तर त्या आठवड्यांत डोस कमी करायला घेऊ नका. उतरवायला सुगीनंतरचे निवांत दिवस बरे.

जायचं कुठे? भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून सुरू झाला, तो पुणे जिल्ह्यातही आहे. मानसोपचाराची तपासणी कुठे आणि कोणत्या वारी, हे या रुग्णालयांत विचारा. पुण्यात ससून आहे, आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. ‘येरवड्याला नेलं’ हे आपल्याकडे शिवीसारखं वापरतात, आणि त्या एका शब्दाने किती माणसं उपचारावाचून राहिली असतील कोण जाणे. बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला उपचाराचा आणि त्याच्या माहितीचा हक्क दिलेला आहे. प्रवास जमत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही बोलता येतं. घरातलं कुणी “जगून काय करू” असं म्हणत असेल तर त्याला एकटं ठेवू नका, लगेच हा फोन करा, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात ठेवा. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखं औषध एकदम पुष्कळ घेतलं तर जीव जातो. ते आठवड्यापुरतंच काढून देणं हे घरच्यांचं काम.

शेवटी पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना सांगतो, कारण बहुतेक घरांत पाकीट तुम्हीच आणता. ते आणायचं एकदम बंद करू नका, त्याने आईला झटका येऊ शकतो. येत्या सुट्टीत आईजवळ बसा. घरातली सगळी पाकिटं, अर्धे तुकडे, जुन्या चिठ्ठ्या, गुडघ्याच्या, प्रेशरच्या, साखरेच्या गोळ्या, वैद्याचं चूर्णसुद्धा, एका पिशवीत भरा. दोन आठवडे रोज किती वाजता पडली, किती वाजता उठली, दुपारी किती झोपली हे कॅलेंडरवर लिहायला सांगा. मग तिच्याबरोबर स्वतः डॉक्टरांकडे जा आणि तीन प्रश्न विचारा. हिला नैराश्य किंवा चिंतेचा आजार आहे का? असेल तर त्याचं औषध आधी सुरू करून झोपेची गोळी मागाहून उतरवता येईल का? आणि आता लिहून देताय ती एकटी गोळी आहे की जोडगोळी? कोणत्या तारखेपासून किती कमी करायचं ते मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून घ्या, एक कागद आईच्या भिंतीवर लावा, एक औषधाच्या दुकानदाराला द्या, आणि पुढच्या तपासणीची तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका.